यात्रेच्या मैदानातला विजेचा बोर्ड कोणाच्या नावावर?

मा. जिल्हाधिकारी, हिंगोली यांस,


राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर कोकणचा किनारा, महाबळेश्वर, ताडोबा असे काहीतरी आले असेल. हिंगोलीचे नाव फारसे कुणाला सुचले नसावे. पण गाडीतच चूल, गाडीतच अंथरूण आणि मुक्कामाला पोचल्याबरोबर आधी विजेचा बोर्ड शोधायचा, हा संसार आपल्या जिल्ह्याला त्या धोरणाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. महाशिवरात्रीला औंढा नागनाथला येणारे टेम्पो, आषाढी उरकून परतवारीला नर्सी नामदेवला उतरणारे दिंड्यांचे ट्रक, नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पार पंजाबातून नर्सीची वाट धरणारे भाविक, सेनगाव-नर्सी-औंढा असा मुक्काम करत पंढरपूरला जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीमागची वाहने, आणि दसरा महोत्सवात रामलीला मैदानावर पाळणे नि दुकाने घेऊन येणारी, दिवसचे दिवस गाडीतच राहणारी कुटुंबे. यांच्या गाड्यांत आता नुसता दिवा नसतो. इन्व्हर्टर असतो, फ्रिज असतो, माईकचा ॲम्प्लिफायर असतो, कुठे एसी असतो आणि मोबाईलचे पन्नास चार्जर तर असतातच. या सगळ्यांना पाणी कुठे, शौचालय कुठे, वाहनतळ कुठे हे आपल्याकडे यात्रेआधीच्या बैठकीत ठरते. गाडीला वीज कुठून आणि कोणाच्या जबाबदारीवर मिळणार, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे असते. या पत्रातली मागणी तेवढ्यापुरतीच आहे: मुक्कामाच्या मैदानात गाडी जिथे वायर लावते, तो बोर्ड सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी वीज देणाऱ्या बाजूची असावी आणि ती कागदावर कोणाच्या तरी नावाने असावी.

तो बोर्ड एकदा जवळून पाहण्यासारखा असतो. बांबूला सुतळीने बांधलेली लाकडी फळी, तिच्यावर दोन-तीन सॉकेट, एक किटकॅट फ्यूज. फ्यूजमध्ये ठरलेल्या जाडीच्या तारेऐवजी कुठल्याशा केबलमधून सोलून काढलेल्या तांब्याच्या चार-पाच तारा पिळून भरलेल्या, म्हणजे तो फ्यूज काही झाले तरी उडणार नाही. सॉकेटला वरचे मोठे भोक आहे, पण त्याच्या मागे वायरच जोडलेली नाही. ज्याच्याकडे पिन नाही तो उघड्या वायरी भोकात खुपसून काडेपेटीच्या काडीने घट्ट करतो, आणि ज्याच्याकडे तीन पिनांची पिन आहे तो तिची अर्थिंगची पिन मोडून ती दोन भोकांत बसवतो. खाली जमिनीवरून जाणारे एक्स्टेन्शन मधे दोन ठिकाणी जोडलेले, वर चिकटपट्टी. मंडपवाल्याला विचारले तर तो वायरमनकडे बोट दाखवतो, वायरमन ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार सांगतो की खांबापर्यंतचे आमचे, पुढचे ज्याचे त्याचे. महावितरणची जबाबदारी तर मीटरपाशीच संपलेली असते. या साखळीत अप्रामाणिक कोणीच नसेल, पण गाडीवाला ज्या भोकात पिन घालतो त्या भोकाचा धनी कोणीच नाही.

याचे पहिले मोल न्यूट्रल वसूल करते. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा मैदानात येतात. दुकाने आणि गाड्या तीन फेजवर वाटलेल्या असतात, न्यूट्रल सगळ्यांची सामाईक. ती धड आहे तोवर प्रत्येकाला २३० व्होल्टच्या आसपास मिळतात. वीजपुरवठ्याच्या मानकांत सहा टक्के वरखाली चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. आता पिळून जोडलेली ती न्यूट्रल गर्दीच्या वेळी तापली, सैल झाली आणि सुटली असे समजा. एका फेजवर कुणाची दोन हजार वॉटची शेगडी चालू आहे, दुसऱ्या फेजवर एका गाडीत दिवे, टीव्ही आणि पंखा मिळून दोनशे वॉट. न्यूट्रल गेल्यावर शेगडी आणि गाडी दोन फेजच्या मधे एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि फेज ते फेज असलेले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी कशी होते? हिशेब केला तर शेगडीच्या वाट्याला ३६ व्होल्ट येतात आणि गाडीच्या वाट्याला ३६४. शेगडी विझल्यासारखी होते, गाडीतले सगळे जळते. या वेळी फ्यूज किंवा एमसीबी पडत नाही, कारण त्यांना फक्त प्रवाह कळतो, दाब कळत नाही. गाडीवाला म्हणतो ‘होल्टेज वाढले’, वायरमन म्हणतो ‘वरूनच आले’, आणि दुसऱ्या दिवशी नवी चिकटपट्टी लागते.

सामान जळणे हे त्यातले स्वस्त नुकसान. महागडे नुकसान अर्थिंगमधून होते आणि ते समजून घेताना गाडी व घर यांतला फरक लक्षात ठेवावा लागतो. घराच्या भिंती जमिनीला टेकलेल्या असतात. गाडीचा पत्रा रबरी टायरांवर, जमिनीपासून सुटा उभा असतो. आत कुठे फेजची वायर घासून पत्र्याला लागली तर गाडी आतून काहीच जाणवू देत नाही. आत बसलेला माणूसही त्याच दाबावर असतो, त्यामुळे त्याला काही होत नाही. धोका असतो तो एक पाय जमिनीवर ठेवून दाराची मूठ धरणाऱ्याला. परतवारी ऐन पावसाळ्यात येते, माणूस चिखलात अनवाणी उभा असतो. पूर्ण करंट उतरण्याआधी कधीकधी इशाराही मिळतो: मूठ धरली की झिणझिण्या येतात. चार्जर, टीव्ही, एलईडी यांच्या आतल्या फिल्टरमधून किंचित प्रवाह अर्थिंगच्या वायरीत जात असतो. ती वायर पुढे कुठेच जोडलेली नसली की गाडीचा पत्रा निम्म्या दाबावर तरंगत राहतो. त्या झिणझिण्यांकडे ‘थोडा थोडा करंट मारतंय’ म्हणून हसण्यावारी दुर्लक्ष होते. खरे तर अर्थिंग नाही हे सांगायला त्या गाडीकडे दुसरा उपायच नसतो.

मग एक पहार ठोकली की काम भागले का? नाही, आणि इथे चांगले अनुभवी वायरमनही चुकतात. समजा मैदानात लोखंडी रॉड ठोकून अर्थिंग केले आणि फॉल्टच्या वाटेतला एकूण रोध २० ओहम आला. महाशिवरात्रीच्या सुमाराला काळी जमीन वाळून भेगाळू लागते, माती रॉडपासून सुटते, तेव्हा याहून जास्तही येईल. फेज पत्र्याला लागली तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. सोळा अँपिअरचा एमसीबी साडेअकरावर पडत नाही. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही धडधाकट आहेत, आणि तरीही गाडी जिवंत दाब घेऊन रात्रभर उभी. हे कोडे सुटते ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने. तो गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहतो, आणि फरक तेवढा झाला की क्षणात तोडतो. चांगले अर्थिंग असेल तर पत्र्याला फेज लागताक्षणी, कुणी हात लावायच्या आधीच तो पडतो. अर्थिंग नसेल तर कुणाचा तरी हात लागल्यावर पडतो. दोन्हींत माणूस वाचण्याची शक्यता असते, पण पहिल्यात त्याला झटकाही बसत नाही. म्हणून दोन्ही हवेत.

याहून वाईट प्रकार म्हणजे अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रललाच अर्थिंगची वायर जोडून देणे. टेस्टर दाखवतो की सगळे ठीक, झिणझिण्याही थांबतात, गाडीवाला खूश होतो. मागे कुठे न्यूट्रल सुटली की त्याच वायरीने फेजचा दाब थेट गाडीच्या पत्र्यावर येतो, तोही गाडीत काहीही बिघडलेले नसताना. ब्रिटनमध्ये घरोघरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकाच तारेने देण्याची पद्धत रुळलेली आहे, पण तिथल्या २००२ च्या वीजपुरवठा नियमांनी ती तार कॅरव्हॅन आणि होडी यांच्या धातूच्या भागाला जोडायला साफ मनाई केली आहे. घराला जे चालते ते गाडीला चालत नाही, एवढे तिथे कायद्याने मान्य केले. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या मानकांत कॅरव्हॅन पार्कसाठी एक वेगळा भाग आहे आणि जत्रेतल्या पाळण्या-दुकानांसाठी दुसरा. पहिल्यात प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र आरसीसीबी सांगितला आहे. सगळ्या मैदानाला मिळून एक लावला तर एका गाडीच्या ओल्या वायरीने पन्नास गाड्या अंधारात जातात, आणि मग कोणीतरी वैतागून तो आरसीसीबीच बायपास करतो. आपल्याकडे ‘तो सारखा पडतो’ ही तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

यावर सरळ उत्तर येईल की गाडीवाल्याने स्वतःची सोय करावी. करावीच. गाडीत दोन्ही तारा तोडणारा डबल पोल एमसीबी हवा, कारण मैदानातल्या सॉकेटात फेज-न्यूट्रल उलटे असले की एकेरी स्विच न्यूट्रल तोडतो आणि बंद दिसणारे यंत्र जिवंत राहते. दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला की तोडणारा आणि परत आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून जोडणारा व्होल्टेज कट-ऑफ हवा. नुसता सर्ज प्रोटेक्टर पुरत नाही. तो विजेच्या कडकडाटातला क्षणभराचा धक्का पचवतो. ३६४ व्होल्ट मिनिटभर टिकले तर तोच आधी जळतो. स्टॅबिलायझरचाही आवाका असतो आणि ३६४ त्याच्या बाहेर आहे. वायर जाड हवी: दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचे पन्नास मीटर एक्स्टेन्शन दहा अँपिअरला बारा-तेरा व्होल्ट वाटेतच खाते, आणि संध्याकाळी आधीच दबलेल्या लाइनवर तेवढ्याने फ्रिजचा कॉम्प्रेसर गुरगुरायला लागतो. हे सगळे खरे. पण हे बहुतेक सामान वीज तोडण्याचे काम करते. मैदानात नसलेले अर्थिंग गाडीतला कट-ऑफचा डबा उगवून आणू शकत नाही, सुटलेली न्यूट्रल जोडू शकत नाही. अमेरिकेत कॅरव्हॅन पार्कमधल्या खांबाला लावायचे असले डबे सर्रास विकत मिळतात, तरीही तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेने गाड्यांच्या मुक्कामाच्या जागेला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. शिवाय आपल्या दिंडीच्या ट्रकवाल्याने कट-ऑफ, आरसीसीबी आणि मीटर घेऊन फिरावे ही अपेक्षा बोलायला सोपी आहे. मंडळाच्या वर्गणीतून डिझेल भागते की नाही याचीच त्याला चिंता असते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दोन-चार दिवसांच्या यात्रेसाठी कायमचे काम कशाला? म्हणूनच तर कायमचे करावे. औंढ्याला महाशिवरात्र आहे, श्रावणी सोमवार आहेत. नर्सीला परतवारी दरवर्षी ठरलेली. हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षे चालत आला आहे. जागा बदलत नाही, तिथी बदलत नाहीत, मग दरवर्षी बांबू कशाला रोवायचे? यात्रास्थळांसाठी जिल्हा नियोजन समितीकडे तरतूद होत असतेच. एका सॉकेटमागचा एमसीबी आणि आरसीसीबी काही हजारांत बसतो. जमिनीखालची केबल आणि अर्थिंग हा मोठा खर्च, पण तो एकदाच. वीज फुकट द्यावी असेही कोणी म्हणत नाही. मीटर लावून दिवसाप्रमाणे पैसे घ्यावेत. गणेश मंडळांना महावितरण दरवर्षी अधिकृत तात्पुरती जोडणी घेण्याचे आवाहन करते, तीही सवलतीच्या दराने. तीच रीत मुक्कामाच्या गाड्यांना लावायला अडचण कोणती?

लोक आकडे टाकतात, त्यांना शिस्त नाही, असेही म्हटले जाईल. टाकतात हे खरे आहे. पण एका रात्रीच्या मुक्कामासाठी अर्ज, कोटेशन, पावती आणि लाइनमनची वाट या चक्रातून जाणारा माणूस विरळाच. पन्नास पावलांवर पैसे भरून मिळणारे सॉकेट असेल तर खांबावर चढण्याचा उपद्व्याप कमी होईल, आणि त्यानंतरही चढणाऱ्यावर कारवाई करायला प्रशासनाला तोंड राहील. एसी गाडीतून फिरणाऱ्यांचे लाड कशाला, हा प्रश्नही येईल. त्याच सॉकेटांवरून चहावाल्याचा टपरीवजा ट्रक, आरोग्य विभागाचे फिरते पथक आणि रक्तदानाची गाडी चालणार आहे. टायरांवरचा पत्रा सगळ्यांचा सारखाच.

जनरेटरचे काय? मोठ्या दिंड्या आणि पाळणेवाले तो आणतातच. पण छोट्या जनरेटरची न्यूट्रल बहुधा जमिनीला जोडलेलीच नसते, तेव्हा पुढे लावलेल्या आरसीसीबीला गळतीची वाटच दिसत नाही. आणि त्याहून गंभीर गोष्ट: लाइट गेली की चेंजओव्हर नसलेल्या गाडीतला जनरेटर किंवा इन्व्हर्टर त्याच बोर्डातून उलटी वीज लाइनवर ढकलतो, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव त्यात जातो. महावितरणच्या माणसांनी या मागणीकडे ‘आमच्यावर आणखी एक काम’ म्हणून पाहू नये, यासाठी हा मुद्दा मुद्दाम लिहीत आहे.

अपघात होतच नाहीत, उगाच बाऊ कशाला, हा शेवटचा आक्षेप सर्वांत चिवट. तमिळनाडूत तंजावरजवळ कळिमेडू इथे एप्रिल २०२२ मध्ये रथाचा वरचा भाग उच्चदाबाच्या तारेला लागून अकरा माणसे गेली, तेव्हा देशभर चर्चा झाली. तारांची उंची आणि रथाची उंची हा विषय तेव्हापासून यात्रेच्या नियोजनात येऊ लागला असेल तर ते चांगलेच आहे. औंढ्यालाही रथोत्सव होतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत विजेच्या धक्क्याने देशात वर्षाला बारा हजारांच्या वर माणसे मरतात, ती अशा एकेका मोठ्या घटनेत मरत नाहीत. ती एकेकटी मरतात: पंपापाशी, कूलरपाशी, पत्र्याच्या दारापाशी. यात्रेच्या मैदानातल्या अशा मृत्यूवर कागदोपत्री ‘शॉर्टसर्किट’ एवढे लिहिले की चौकशी तिथेच थांबते. वीज कायदा २००३ मध्ये अपघाताची खबर देण्याची आणि विद्युत निरीक्षकांनी चौकशी करण्याची तरतूद आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियमही आहेत. नियमांची वाण नाही, पण बांबूवरच्या फळीला ग्राहक क्रमांक नसतो आणि क्रमांक नसलेल्या गोष्टीची तपासणी कोणी करत नाही.

औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे दोन हजार सहाशे कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांब दोन भुजा, आणि मोजायचा बदल प्रोटॉनच्या आकाराहूनही बारीक. जमिनीच्या थरथरीपासून विजेच्या गोंगाटापर्यंत सगळे निस्तरल्याशिवाय ते यंत्र चालणारच नाही. त्याच तालुक्याच्या गावी, नागनाथाच्या दारात, सॉकेटमध्ये काडेपेटीची काडी असावी हे शोभत नाही, एवढे म्हणून हा विषय सोडतो.

आता नेमके काय हवे ते सांगतो. रामलीला मैदान, औंढ्याचे वाहनतळ आणि नर्सी या तीन ठिकाणी कुलूपबंद लोखंडी फीडर पिलर बसवावेत. डीपीपासून तिथपर्यंत आर्मर्ड केबल असावी आणि न्यूट्रलची जोडणी पिळून केलेली नसावी, लग्ज दाबून, बोल्टने कसलेली असावी. अर्थिंग त्या जागेवर स्वतंत्र असावे, न्यूट्रलपासून उसने घेतलेले नको. प्रत्येक निळ्या औद्योगिक सॉकेटमागे स्वतःचा डबल पोल एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पिलरमागे एक व्होल्टेज कट-ऑफ असावा. आरसीसीबी इलेक्ट्रोमेकॅनिकल पद्धतीचा घ्यावा, कारण इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या काही जातींना स्वतःला चालायला वीज लागते आणि न्यूट्रल तुटली की नेमक्या त्याच वेळी त्या आंधळ्या होतात. निविदेत स्वस्त मालाच्या नादात हे हमखास सुटते, म्हणून वेगळे लिहिले.

यात्रेच्या आदल्या दिवशी परवानाधारक माणसाने प्रत्येक सॉकेट भारासह तपासावे. नुसता टेस्टर लावून दिवा लागला म्हणजे झाले असे नाही. सैल न्यूट्रलवरही बिनभाराचे मीटर २३० दाखवते; हजार वॉटची इस्त्री लावल्यावर दाब किती उतरतो आणि न्यूट्रल ते अर्थिंग किती व्होल्ट चढतात, त्यात खरी गोष्ट कळते. त्याने घेतलेले आकडे, तारीख, आपले नाव आणि सही त्या पिलरच्या दारावर कागदावर लावावी, गाडीवाल्याला वाचता येईल अशा अक्षरांत. रात्री काही बिघडले तर कोणाला फोन करायचा तो क्रमांकही तिथेच असावा आणि तो उचलणारा माणूस मैदानातच असावा.

तिन्ही ठिकाणी एकदम जमणार नसेल तर सुरुवात नर्सीपासून व्हावी. तिथली यात्रा पावसात असते आणि गाड्या चिखलात उभ्या राहतात. येत्या परतवारीच्या नियोजन बैठकीत पाणी, शौचालय, वाहनतळ यांच्या जोडीला ‘गाड्यांसाठी वीज’ हा विषय घ्यावा, महावितरणच्या अभियंत्यांसोबत विद्युत निरीक्षकांनाही त्या बैठकीला बोलवावे, आणि इतिवृत्तात जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहून घ्यावे, ही विनंती.

कळावे.

आपला,
जिल्ह्यातील एक वीजग्राहक